तिसरा जोड

आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं. आमचे हे मीटिंगांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करतात, मी तपासते. हल्ली यांच्या पानांतून वाक्यंच्या वाक्यं गळायला लागली होती. आणखी एकदा चुकलं तर काम काढून घेऊ, असं गिऱ्हाइकाने बजावलं. यांच्या मते दोष स्पीकरचा. म्हणून कीबोर्डशेजारी मावतील एवढेसे, पण आवाजाला दणदणीत असे स्पीकर शोधत मी महिन्यात तिसऱ्यांदा दुकानात गेले.

"वहिनी, ऑफिस आहे की थिएटर?" दुकानदार हसला. "आधीचे दोन्ही जोड ठणठणीत होते हो."

"माहीत आहे. पण 'कान तपासून घ्या' म्हटलं की हे दोन दिवस बोलत नाहीत. याहून मोठ्या आवाजाचे दाखवा."

ऑफिसात येऊन मी स्पीकर मांडले आणि वायर घेऊन टेबलाखाली शिरले. यांनी लगेच रेकॉर्डिंग लावलं.

"वा! आता कसं शब्दन् शब्द कळतोय," हे खुशीत म्हणाले. "संपली बघ तुझी पायपीट."

आणि कीबोर्ड खडखडायला लागला. प्लग अजून माझ्या हातातच होता.