सर्वांत उंच स्तंभ

"शिट्टी वाजल्याबिगर कुणी गवताला हात लावायचा न्हाय!" कर्ण्यातून आज्ञा सुटली आणि तीनशे मुलांनी ओळी सरळ केल्या. समोर कमरेइतकं गाजरगवत पांढऱ्या फुलोऱ्यानं भरून गेलं होतं. भाद्रपदातली सकाळ, वारा धाराशिवच्या वस्तीकडे. हातमोजे कुणालाच नव्हते. टोप्या मात्र सर्वांना होत्या, कारण टोपीवर देणगीदाराचं नाव छापता येतं.

डॉ. महेश्वरी धावतच मैदानात शिरल्या. महाविद्यालयाच्या गच्चीवर यंत्र बसवून सलग तीन वर्षं त्यांनी या शहराच्या हवेतले परागकण मोजले होते. सातवीच्या ओळीत त्यांची मुलगी राजनंदिनी उभी होती. तिला दमा होता.

"हणमंतप्पा, हे थांबवा! आज पोलन लोड मॅक्झिमम आहे."

निवृत्त ग्रामसेवक हणमंतप्पा मोहिमेचे प्रमुख होते. ते हसले. "लोड तर आमच्या डोक्यावर हाय, मॅडम. पाहुणे यायलेत."

"इरॅडिकेशन प्री-फ्लॉवरिंग स्टेजला करतात. आता एक्स्पोजर किती पटींनी वाढेल, कल्पना आहे?"

गवत फुलण्याआधी उपटायचं असतं. आता उपटलं तर विष मुलांच्या छातीत जाईल, एवढाच त्याचा अर्थ होता. तो हणमंतप्पांपर्यंत पोचला नाही.

"लेकराला तरास असंल तर न्या घरी. आमी राग धरणार न्हाय."

"आणि बाकीचे दोनशे नव्व्याण्णव?"

हणमंतप्पांनी पाहुण्यांच्या वाटेकडे नजर टाकली. महेश्वरींच्या आवाजात पदवीसोबत मिळणारा थंड तिरस्कार उतरला. "नेमका हाच आठवडा कुठल्या महाभागानं शोधून काढला?"

"तुमीच की."

त्यांनी पिशवीतून एक बाड काढलं. तो महेश्वरींचाच अहवाल होता. आलेखाचं पान उघडं होतं: बावन्न आठवड्यांचे बावन्न स्तंभ, आणि सर्वांत उंच स्तंभाभोवती लाल शाईचं वर्तुळ.

"जवा जास्त, तवाच उपटायचं, असं आमी समजलो. बाकीची चाळीस पानं इंग्रजीत हायती, मॅडम. दोन डाव निरोप धाडला, समजावून सांगा म्हणून. तुमी म्हणलात, त्यात सगळं लिहिलंय."

महेश्वरींना ते दोन्ही निरोप आठवले.

ओळीत राजनंदिनी खोकली. तिच्यामागची एक मुलगीही खोकली. हणमंतप्पांनी ते ऐकलं, आणि कर्ण्याचा माईक महेश्वरींच्या हाती दिला.

"घ्या. पाहुण्यांचं म्या बघतो. लेकरायला कळंल असं तेवढं सांगा."

तीनशे चेहरे त्यांच्याकडे वळले. महेश्वरींनी माईक ओठांशी नेला. पहिलं वाक्य त्यांना इंग्रजीतच सुचलं.