मागे पडणारा पियानो

तिसऱ्या गाण्यात पियानो पुन्हा मागे पडला.

रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे रोखून बघत बसली. कार्यक्रम दोन मशीनवर रेकॉर्ड झाला होता. रंगमंचावरचे माइक एका मशीनवर, प्रेक्षकांतले दुसऱ्यावर. प्रत्येक मशीनच्या पोटात आपलं आपलं घड्याळ असतं आणि दोन घड्याळांचं शेवटपर्यंत कधी पटत नाही. सुरुवातीला टाळीवर टाळी नेमकी बसत होती, शेवटाकडे येईपर्यंत एकीच्या दोन ऐकू येत होत्या. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. सकाळभर खपून तिनं प्रेक्षकांचे ट्रॅक थोडे थोडे ओढून जागेवर आणले होते. आता सगळं एकजीव वाजत होतं. हे एक गाणं सोडून.

आधी ती मशीनवरच घसरली. सेटिंग तपासलं, फाइल नव्यानं उघडली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला दोन शिव्या हासडल्या. फरक शून्य. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गाणं आणि पियानो तर एकाच मशीनवर होते, त्यांच्यात बिनसायचं कारणच नव्हतं. खात्री करायला तिनं नुसता पियानोसमोरचा माइक ऐकला. त्यात गायिकेचा आवाजही लांबून शिरला होता, आणि त्या एकाच माइकमध्येही पियानो त्याच्या मागेच होता.

म्हणजे मशीन बिनचूक होतं. पियानो खरोखरच उशिरा वाजला होता.

पियानोचा ट्रॅक अलीकडे ओढला, तर त्यात शिरलेलं गाणंही ओढलं जात होतं. मग गायिका आधी पुसट आणि लगेच मोठ्यानं, अशी दोनदा गायची. तिनं तो नाद सोडला.

दुपारी दोघं ऐकायला आली. गायिका आणि तिचा थोरला भाऊ. या धंद्यात सगळेच त्यांना ताई आणि दादा म्हणत. दोघांचेही केस पिकलेले. ती गाणार आणि तो पियानोची साथ करणार, हे जन्माचंच ठरलेलं. काचेपलीकडच्या खोलीत पियानो दिसला तसे दादा म्हणाले, "तुमचं चालू दे, मी जरा हात मोकळे करतो." ते आत गेले. जाड दार त्यांच्यामागे बंद झालं.

रेकॉर्डिस्टनं तिसरं गाणं लावलं. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मशीनचा घोळ ना?"

"नाही, ताई."

"नक्की?"

"मशीनचा असता तर आतापर्यंत निस्तरला असता."

ताई काचेतून आत बघत राहिल्या. दादा मान खाली घालून वाजवत होते. रेकॉर्डिस्टनं त्या खोलीतल्या स्पीकरचं बटण दाबलं. "दादा, माझा आवाज येतोय का?" दादा वाजवतच राहिले. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

"राहू दे गं," ताई म्हणाल्या. "पियानो त्याला बोटांतून कळतो. माझा आवाज आताशा पोचत नाही त्याच्यापर्यंत. ओळ उचलायच्या आधी मी हात उचलते. त्या हाताकडे बघून वाजवतो."

"मग या गाण्यात?"

"टाळ्या पडल्या आणि मी चेकाळले. माइक घेऊन तरातरा पुढे गेले, लोकांपाशी. त्याच्याकडे पाठ करून. तरी बघ, हात आखडता घेतला नाही त्यानं. चाचपडत का होईना, आला माझ्यामागून."

"तुम्हाला हे माहीत आहे, हे दादांना ठाऊक आहे?"

"त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"गाणंच गाळू या का?"

"गाळलं तर विचारेल, का गाळलं."

दार उघडलं. दादा आले आणि खुर्ची ओढून रेकॉर्डिस्टच्या अगदी समोर बसले. "काय निघालं मग?" त्यांची नजर तिच्या ओठांवर होती.

लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये नंतरचं काही घुसडायचं नाही, हा तिचा हट्ट होता. त्यापायी तिनं भल्याभल्यांशी वाकडं घेतलं होतं.

"तिसरं गाणं मशीननं खाल्लं, दादा," ती सावकाश म्हणाली. "पुन्हा घ्यावं लागेल. इथंच."

दादांनी मोठा श्वास सोडला. "खाल्लं ना? बरं झालं. मला तेव्हापासून वाटत होतं, त्यात माझंच कुठंतरी चुकलंय."

"तुझं कसलं चुकतंय!" ताई उठल्या. "चल, आत्ताच घेऊन टाकू."

आतल्या खोलीत गायकाचा माइक पियानोपासून लांब, भिंतीपाशी होता; त्यात गायचं तर पियानोकडे पाठ होई. पियानोचा आवाज त्यात शिरू नये म्हणून तो नेहमी तसाच ठेवलेला असे. ताई त्याच्यापाशी गेल्या, आणि माइककडे पाठ फिरवून पियानोसमोर उभ्या राहिल्या. उजवा हात छातीशी आणला. दादांनी पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि मान वर केली.

"ताई, तोंड माइककडे," रेकॉर्डिस्ट सवयीनं म्हणाली.

ताई जागच्या हलल्या नाहीत.

"माइक आण इकडे."