गोठलेली भीमा

जलपर्णीनं भीमा काठोकाठ झाकली, गोकुळची होडी जागच्या जागी अडकून पडली आणि शिरूरच्या काठावरून समोर दिसणाऱ्या दौंडच्या काठाला जायला पुलाचा लांबलचक वळसा तेवढा उरला. जलपर्णी काढा म्हणून विनवून विनवून गावानं हात टेकले, तेव्हा कुठं पाटबंधारे खात्याचे साहेब आले. त्यांनी काठावर परदेशी कॅमेरा बसवला आणि नारळ फोडला.

"साहेब, ह्यो करतो काय?" गोकुळनं विचारलं.

"कॅनडात नद्या गोठतात. बर्फ कुठं पक्का, कुठं फुटणार, ते सांगतो."

"आन् आपल्याकडं?"

"आपल्याकडंही तेच सांगणार. मशीन आहे ते."

"मग जलपर्णी कवा काढणार?"

"रिपोर्ट येऊ द्या. त्याशिवाय नदीला हात लावता येत नाही."

रिपोर्टच्या आधी गोकुळच्या आईच्या, सिंधूबाईच्या छातीत कळ आली. गावातली एकुलती जीप पाटसला गेलेली. गोकुळनं आईला होडीत निजवलं आणि हात सोलवटेपर्यंत वल्हं मारलं, पण होडी काही हलली नाही. जीप परत येऊन पुलावरून पलीकडचा दवाखाना गाठेपर्यंत म्हातारी गेली होती.

दहाव्याला पिंड सोडायला पाणी दिसेना, म्हणून गोकुळ बांबूनं जलपर्णी बाजूला सारत होता. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. साहेबांनी रिपोर्ट पाठवला होता.



"नदी पूर्ण गोठलेली असून पायी ओलांडण्यास सुरक्षित आहे. होडीची आवश्यकता नाही."