बाटली भरेपर्यंत

बाटलीकाकूंनी रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवली आणि श्वास रोखला. पाणी हळूहळू चढलं, काठावरून वाहू लागलं, बराच वेळ वाहिलं. मग नळी काढून त्यांनी काचेचं बूच घट्ट बसवलं आणि श्वास सोडला.

"दर वेळी असं?" साहेबांनी विचारलं.

"आत बुडबुडा गेला की बाटली खोटं बोलते. हवेतला प्राणवायू पाण्याच्या नावावर खपतो. श्वास घेतला की माझा हात हलतो, म्हणून घेतच नाही."

"आम्हीही घेत नाही," मागून नाववाला म्हणाला. "बोट हलली तर शिव्या बसतात."

साहेब हसले. एरवी ते बोटीवर पाऊल ठेवत नसत. नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे वर्षापूर्वी त्यांनीच एक पिवळा, तरंगता बोया नांगरला होता. त्याला टांगलेलं यंत्र दर दहा मिनिटांनी पाण्यातला प्राणवायू मोजून कार्यालयातल्या पडद्यावर आकडा पाठवी. उंटावरून शेळ्या हाकायची इतकी छान सोय झाल्यावर या बाटल्या हव्यात कशाला? हाताने नमुने घेणं बंद करायचा आदेश त्यांच्या पिशवीत होता. आजची फेरी शेवटची. बत्तीस वर्षं काम केलेल्या बाईची सही चपराश्याकरवी मागवणं बरं दिसत नाही, म्हणून ते स्वतः आले होते. काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "करते सही. फेरी होऊ दे."

आता त्यांनी बाटलीत दोन औषधं सोडली, बूच लावलं आणि बाटली सावकाश उलटसुलट केली. पाण्यात प्राणवायू असला की तळाशी बसणारा साका तपकिरी होतो. नसला तर पांढराच राहतो.

साका पांढरा राहिला.

काकूंनी नदीच्या मुखाकडे पाहिलं. तिथे मासेपालनवाल्यांचे चाळीस पिंजरे पाण्यात तरंगत होते, आत वर्षभर वाढवलेले मासे. "पाऊण तासात ओहोटी लागेल. हे पाणी सगळं त्यांच्या अंगावर जाणार. पिंजरे बाहेर समुद्रात ओढायला सांगा, साहेब."

साहेबांनी मोबाइल पाहिला. "बोया सहा दाखवतोय. पाणी उत्तम आहे. तुमचं औषध शिळं झालंय, काकू."

पिंजरे ओढायचे म्हणजे थोडे मासे दगावणार, जाळ्या फाटणार. उगाच ओढायला लावलं तर पिंजरेवाले साहेबांना सळो की पळो करून सोडणार. त्यांना वाटलं, आता काकू वाद घालतील.

"असेल शिळं," काकू म्हणाल्या. त्यांनी तेच पाणी एका डब्यात अर्धं भरलं, झाकण लावलं आणि हात भरून येईपर्यंत डबा खळाखळा हलवला. हवा पाण्यात पुरती मिसळल्यावर त्या पाण्याने दुसरी बाटली भरली. तोच रोखलेला श्वास, तीच दोन औषधं.

ही बाटली चहासारखी तपकिरी झाली. औषध ठणठणीत होतं.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पण साहेबांना आरसाही हवा होता. बोट बोयाला लागली आणि नाववाल्याने यंत्र वर ओढलं. त्याच्या तोंडावर बोटभर हिरवं शेवाळ माजलं होतं. साहेबांचा चेहरा उतरला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. यंत्र मोजत होतं तो शेवाळाचा प्राणवायू, नदीचा नाही. दर पंधरा दिवसांनी ते घासायचं असतं. आकडे चांगले येत होते, म्हणून त्यांनी तीन महिने कोणाला पाठवलंच नव्हतं.

त्यांनी पिंजरेवाल्यांच्या मुकादमाला फोन लावला. "पिंजरे बाहेर ओढा. आत्ताच्या आत्ता."

"साहेब, चेष्टा करता का? तुमचा बोया तर..."

"बोयाचं सोडा. काकूंनी बाटली पाहिलीय."

"मग ओढतो," म्हणून मुकादमाने फोन ठेवला. साहेबांच्या सही-शिक्क्यालाही इतका भाव कधी मिळाला नव्हता. त्यांना हेवा वाटायला हवा होता, पण वाटला तो निखळ आदर.

थोड्याच वेळात मुखाकडून इंजिनांचे आवाज आले. पिंजऱ्यांची रांग समुद्राकडे सरकू लागली. बोयाभोवतीचं पाणी अजून ओहोटीकडे वळलं नव्हतं.

काकूंनी हात पुसले. "आणा तो कागद. फेरी झाली."

"झाली कुठे?" साहेबांनी पिशवी पायाने फळीखाली सरकवली. "हे पाणी कुठून आलं ते शोधायला नको? वरच्या अंगाला चला. आणि पुढची बाटली मी भरतो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. रिकामी बाटली आणि नळी त्यांच्या हातात दिली.

पहिल्या वळणावर नाववाल्याने इंजिन बंद केलं. साहेबांनी नळी तळाशी टेकवली. पाणी चढलं, काठावरून वाहू लागलं, वाहतच राहिलं. साहेबांचे कान लाल झाले.

"साहेब," काकू हळूच म्हणाल्या, "भरली बाटली. घ्या आता श्वास."