शिखर दिसत नाही

उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या त्या बेटावर माझं काम सोपं होतं. रोज सकाळी खिडकीतून बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराकडे बघायचं आणि हवामानाच्या वहीत नोंद करायची. दहा महिने ढग हललेच नाहीत. दहा महिने मी लिहीत आलो, ‘शिखर दिसत नाही.’

अंथरुणाला खिळलेल्या आईला मात्र दर रविवारी फोनवर सांगायचो, दिसला! “कसा आहे रे आज?” ती विचारायची. मग मी आमच्या गावामागच्या डोंगरावरच बर्फ पाडायचो. करवंदीच्या जाळ्या आणि माथ्यावरचं देऊळ तेवढं गाळायचो. ती “हं, हं” करत ऐकायची.

त्या रविवारी फोन लागला आणि समोरचे ढग विरले. मी रोज जिथे बघायचो त्याच्या कितीतरी वर, नुसतं आकाश असेल म्हणून सोडून दिलेल्या जागी, तो उभा होता. गुलाबी, जमिनीला न टेकलेला.

“कसा आहे रे आज?”

मला एकही शब्द सुचेना.

“नाही ना दिसला?” आई हळूच म्हणाली. “असू दे. नेहमीसारखा आपल्या गावचाच सांग.”