तिसऱ्या कुंडात

"ज्याने सोडलं, तोच तरला!" गुरुजींनी कुंडाच्या पायऱ्यांवरून गर्जना केली आणि शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून कडेची साखळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

या पुरातन तीर्थक्षेत्री प्रत्येक कुंडात बुडी मारण्याआधी काहीतरी कायमचं सोडायचा नेम होता. निवृत्त हेडक्लार्क काका पहिल्या कुंडात दुधी सोडून आले होते, दुसऱ्यात पडवळ. तिसऱ्यात त्यांनी दोडक्याला हात घातला, तशी गुरुजींची सहनशक्ती संपली.

"काका, ही काय भाजीमंडई आहे? नावडतं नाही सोडायचं. जगात सगळ्यांत प्रिय असेल ते सोडा!"

काका विचारात पडले. शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या काकूंना मात्र विचार करावा लागला नाही.

"मी ह्यांना सोडलं," त्या म्हणाल्या आणि नाक धरून तीन बुड्या मारून मोकळ्या झाल्या.

गुरुजी मंत्र विसरले. काकांचे डोळे मात्र भरून आले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बायकोच्या तोंडून प्रेमाचा एक शब्द ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. आज मिळाला, तोही चारचौघांच्या साक्षीने.

"अगं, म्हणजे मी तुला... जगात सगळ्यांत...?"

"मग? तीर्थात उभी राहून खोटं कशाला बोलू?" काकू केस पिळत म्हणाल्या. "डोळे पुसून झाले, की घराची किल्ली तेवढी माझ्याकडे द्या."