ताटाशेजारचा वाडगा

पन्नाशीत लग्न केलं की माणूस बायकोला जिंकायला स्वयंपाकघरात शिरतो. पहिल्याच संध्याकाळी मी भाजलेल्या माशासोबत तिला आल्याचा चहा दिला. तिनं सुर्र करून घोट घेतला, तोंडात घोळवला आणि सरळ सॅलडच्या वाडग्यात थुंकून टाकला. मग जीभ चावली. "अहो, सवय!"

ती चहाच्या कंपनीत चव पारखते. दिवसभर घोट घ्यायचा, थुंकायचा, निकाल द्यायचा. गिळला की म्हणे जीभ त्याची बाजू घ्यायला लागते.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या ताटाशेजारी मीच एक रिकामा वाडगा ठेवू लागलो. सूपसोबत डाळिंबाचा रस, चीजसोबत वाइन, रोज नवी जोडी. ती डोळे मिटून घोट घ्यायची, थुंकायची आणि सांगायची, "पेय पुढे पळालं, जेवण मागे राहिलं." नवऱ्यानं रांधावं, बायकोनं थुंकावं, असा आमचा संसार. तिची बॅग अजून अर्धीच रिकामी झाली होती.

आज मी भाजलेल्या भोपळ्यासोबत संत्र्याची साल घातलेला कोरा चहा ठेवला. मावळतीचं ऊन टेबलभर सांडलं होतं आणि वाफ त्यातून तरंगत होती. तिनं डोळे मिटून कप ओठांना लावला. ऊन टेबलावरून तिच्या खांद्यावर चढलं, मग भिंतीवर, तरी डोळे मिटलेलेच.

"नाही जमलं ना?" म्हणत मी वाडगा उचलायला गेलो. तो कोरडा होता.

तिनं रिकामा कप माझ्यापुढे धरला.

"अजून आहे?"